धर्मभगिनींच्या कार्याची कागदपत्रे: शोधताना आणि जतन करताना या चुका टाळा

नाशिक धर्मप्रांत (एका बिशपांच्या अखत्यारीतील कॅथलिक चर्चचा विभाग) १५ मे १९८७ रोजी पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला, हे ठाऊक असूनही स्मरणिकांचे संपादक १९५० किंवा १९६० च्या दशकातील धर्मभगिनींच्या, म्हणजे कॅथलिक सिस्टरांच्या, नोंदी नाशिकच्याच बिशप हाऊसमध्ये (बिशपांच्या कार्यालयात) मागतात आणि त्या न मिळाल्यास कागद गहाळ झाले असे धरून चालतात. त्या काळचा पत्रव्यवहार पुण्याच्या बिशपांशी होत असे, त्यामुळे पहिली चौकशी पुण्यात करावी. जिल्ह्यांच्या बाबतीतही सावध राहावे. १९०६ पूर्वी खानदेश हा एकच जिल्हा होता आणि नंदुरबार १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झाला. तेव्हा पत्त्यावरचा जिल्हा पाहून एकाच मिशन केंद्राचे कागद दोन गठ्ठ्यांत विभागू नयेत.

याहून मोठी चूक म्हणजे धर्मभगिनींचे सगळे दप्तर धर्मप्रांताकडेच असते असे समजणे. कॅनन कायद्याच्या (कॅथलिक चर्चच्या अंतर्गत कायद्याच्या) ६०९ व्या कलमानुसार मठ उघडण्यापूर्वी बिशपांची लेखी संमती लागते आणि ६८१ व्या कलमानुसार बिशपांनी सोपवलेल्या कार्याबद्दल लेखी करार व्हावा लागतो. ही कागदपत्रे चॅन्सेलरांच्या (धर्मप्रांताचे दप्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांच्या) कार्यालयात शोधणे योग्यच आहे. मात्र शाळेत कोण शिकवत होते, दवाखाना कोण चालवत होते आणि कोणाची बदली कुठे झाली, हा तपशील मठाच्या क्रॉनिकलमध्ये (घटनांच्या नोंदवहीत) आणि प्रोव्हिन्शियलच्या (संघाच्या प्रांतप्रमुखांच्या) भेटीच्या अहवालांत असतो, आणि ते दप्तर धर्मभगिनींच्या संघाच्या मालकीचे असते. मठ बंद झाला की ते सहसा पॅरिशकडे (स्थानिक चर्चकडे) न येता प्रोव्हिन्शियलेटकडे, म्हणजे प्रोव्हिन्शियलच्या कार्यालयाकडे, जाते. तेथे लेखी परवानगी मागूनच जावे. दोन्हीकडचे कागद विषयवार एकत्र लावण्याचा मोह टाळावा, कारण एकदा मूळ क्रम मोडला की कोणता कागद कोणी आणि कशासाठी ठेवला होता हे सांगणे अशक्य होते.

नावांतही घोटाळा होतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (कॅथलिक चर्चमध्ये सुधारणा करणारी १९६२-६५ ची परिषद) अनेक धर्मभगिनींनी संघात मिळालेले नाव सोडून बाप्तिस्म्याचे नाव पुन्हा स्वीकारले, त्यामुळे यादीत एकाच व्यक्तीच्या दोन व्यक्ती होतात. जन्मतारीख आणि पहिल्या व्रतांची तारीख जुळवल्याखेरीज नोंद पक्की करू नये.

पॅरिशच्या अहवालात दवाखान्याचे श्रेय बहुधा फादरांच्या नावावर जमा झालेले असते आणि धर्मभगिनींच्या वाट्याला “सिस्टरांच्या मदतीने” एवढेच शब्द येतात. अशा वेळी मठाची खर्चवही उघडावी. क्विनाईन, रॉकेल, शिवणाचा दोरा, बैलगाडीचे भाडे अशा ओळींतून कोणत्या महिन्यात कोणत्या वाड्यांवर फेरी झाली हे कळते, आणि १९७२ च्या दुष्काळासारख्या वर्षी धान्यावरचा खर्च कसा बदलला तेही तेथेच दिसते. जमाखर्च कंटाळवाणा म्हणून रद्दीत जातो. माझ्या मते क्रॉनिकलइतकाच तो मोलाचा आहे. क्रॉनिकल लिहिणाऱ्या सिस्टर वरिष्ठांच्या नजरेचे भान ठेवून लिहीत, तर दुकानदाराची पावती तसे भान ठेवत नाही.

कागद फाटला म्हणून सेलोटेप लावू नये आणि लॅमिनेशन तर कधीच करू नये. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढाव्यात, क्रमांक पेन्सिलने लिहावेत आणि गठ्ठे ओल येणाऱ्या भिंतीपासून दूर ठेवावेत. इगतपुरीकडच्या पावसात भिंतीला टेकलेल्या कपाटालाही बुरशी धरते. छायाचित्राच्या मागे बॉलपेनने नावे लिहिल्यास पुढे उठाव येतो. स्कॅन झाले म्हणून मूळ कागद टाकून देऊ नये.

शेवटची बाब गोपनीयतेची आहे. दवाखान्याच्या रजिस्टरांत रुग्णांची नावे आणि आजार असतात, बालगृहाच्या नोंदींत सोडून दिलेल्या मुलांची माहिती असते, आणि त्यांतील अनेक जण आज हयात आहेत. ही पाने स्मरणिकेत छापू नयेत किंवा व्हॉट्सॲपवर पाठवू नयेत. संशोधकाला गाव, वर्ष आणि रुग्णसंख्या एवढी माहिती काढून द्यावी आणि रजिस्टर कुलपातच ठेवावे.