फेरिटिनची एलायझा लावताना धुण्यात घाई नको

फेरिटिन म्हणजे शरीरात लोह साठवून ठेवणारं प्रथिन. आमच्या लॅबमध्ये ते एलायझा किटवर मोजतो, म्हणजे अँटिबॉडीने पकडून रंगावरून मोजायची चाचणी. नवीन मुलगी रुजू झाली की तिची पहिली प्लेट लावताना मी शेजारी बसते.

किट फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा. प्लेटची पिशवी तोवर फोडू नका, गार वेलमध्ये (प्लेटमधल्या छोट्या खळग्यांत) हवेतलं बाष्प जमतं. तेवढ्यात सिरम (रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव) उजेडात धरून बघा. लालसर असेल तर रक्त पुन्हा मागवा. फुटलेल्या तांबड्या पेशींतलंही फेरिटिन त्यात उतरतं आणि आकडा उगाच वाढतो.

प्लेटमध्ये ९६ वेल. कुठे काय पडणार याचा नकाशा आधी कागदावर काढा. स्टँडर्ड (फेरिटिन किती आहे ते आधीच माहीत असलेला द्रव) असो की सॅम्पल, प्रत्येक दोन-दोन वेलमध्ये घाला आणि दर वेळी पिपेटची टिप बदला.

आता धुणं. तळाला चिकटवलेली अँटिबॉडी फेरिटिन धरते, त्यावर एचआरपी एन्झाइम जोडलेली दुसरी अँटिबॉडी बसते. न बसलेली सगळी धुऊन जायला हवी, नाहीतर तीही रंग देते. दर वेळी वेल काठोकाठ भरा, पालथी करा, टिश्यूवर जोरात आपटा. किटच्या पत्रकात पाच वेळा असेल तर पाचच वेळा. चौथ्याला थांबायचं नाही.

एकदा माझी एच ओळ बाराही वेलांत गडद निळी झाली, अगदी शून्य स्टँडर्डसुद्धा. त्या दिवशी वॉशरवर, म्हणजे प्लेट धुणाऱ्या यंत्रावर, धुतलं होतं; त्याच्या आठ सुयांपैकी शेवटची सुई बफरच्या वाळलेल्या क्षाराने बुजली होती. अख्खी प्लेट गेली, आणि रुग्णांचे रिपोर्ट एक दिवस लांबले याचं मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून रोज सकाळी डिस्टिल्ड वॉटर सोडून आठही धारा डोळ्यांनी बघते. तुम्हीही बघा.

टीएमबी (एचआरपीमुळे रंग धरणारा द्रव) घातलं की प्लेट अंधारात ठेवा. निळा रंग चढतो. ज्या क्रमाने टीएमबी घातलं त्याच क्रमाने, त्याच वेगाने रंगाची क्रिया थांबवणारं स्टॉप सोल्युशन घाला. पिवळं झालं की लगेच रीडर यंत्रात ४५० नॅनोमीटरच्या प्रकाशावर वाचा.

दोन वेलांत १५ टक्क्यांहून जास्त फरक आला तर मी ते सॅम्पल पुन्हा लावते. वाचन सर्वांत वरच्या स्टँडर्डच्या पुढे गेलं तर स्टँडर्डच्या वाचनांवरून काढलेला कर्व्ह लांबवून अंदाज करू नका. सॅम्पल दहापट पातळ करून लावा, उत्तराला दहाने गुणा. आणि फॉर्मवर ताप लिहिलेला असेल तर रिपोर्टवर तशी नोंद करा, कारण संसर्गातही फेरिटिन वाढतं आणि लोहाची कमतरता त्याखाली झाकली जाते.