बँकॉकमध्ये थाई मित्र देशाला शिव्या घालू लागला, तर

आधी नुसतं ऐका. माझा थाई सहकारी सोमतम (कच्च्या पपईची कोशिंबीर) खाता खाता लष्कराची बंडं, लाचखोरी, शाळेतली केस कापायची सक्ती, सगळं सोलून काढतो. मी एकदा ‘खरंय’ म्हणालो, तर गप्पच झाला. परक्यापुढे घरचं उणं काढण्याला थाईत ‘आतडी ओढून कावळ्यांना घालणं’ म्हणतात. आपली झाकली मूठच, जरा रक्तबंबाळ!

‘आम्ही कधीच गुलाम नव्हतो’ म्हणाला, तर १८९३ साली फ्रान्सला दिलेला मेकाँग नदीचा डावा किनारा काढू नका. ६ ऑक्टोबर १९७६ला थम्मासात विद्यापीठात झालेलं हत्याकांड विचारायचंच, तर एकट्यात. राजघराण्यावर चकार शब्द नको: राजाच्या अवमानाचं कलम ११२, प्रत्येक गुन्ह्याला ३ ते १५ वर्षं कैद.

त्याऐवजी पुण्याचे खड्डे सांगा. मग तोच पुढचं बोलतो.