वॉर्डात जाताय? आधी औषधांची पिशवी मागा

फार्म.डी.ची (औषधशास्त्राच्या पदवीची) वॉर्ड पोस्टिंग लागली की प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये इंटरॅक्शन, म्हणजे एका औषधाचा दुसऱ्यावर होणारा परिणाम, तपासायचं अ‍ॅप येतं. ते असू द्या. पण तुम्ही जी नावं घालाल तेवढ्यांचंच ते सांगणार, आणि बीपी किंवा नाडी बिघडवणारं औषध बऱ्याचदा केसपेपरवर नसतंच. मुंबईत माणूस बीपीची गोळी घराजवळच्या डॉक्टरकडून घेतो, हृदयासाठी परळ नाहीतर सायन गाठतो, डोळे तिसरीकडे दाखवतो आणि गुडघा दुखला की स्टेशनबाहेरचा केमिस्ट आहेच. हे सगळे कागद एकत्र कुणी पाहिलेले नसतात. ते आपण पाहायचे.

लालबागच्या एका आजींची नाडी 44 वर आली होती. कागदावर मेटोप्रोलॉल (नाडी मंदावणारा बीटा ब्लॉकर) आणि अ‍ॅम्लोडिपिन (बीपीची गोळी), डोस जुनेच. "आणखी काही घेता का आजी?" "नाही रे बाळा, एवढ्याच गोळ्या." सूनबाईंना घरची पिशवी आणायला सांगितली. त्यात काचबिंदूचे थेंब निघाले, टिमोलॉलचे. टिमोलॉलही बीटा ब्लॉकरच. थेंब अश्रुनलिकेतून नाकात उतरतो आणि तिथून यकृताला टाळून थेट रक्तात जातो. डॉक्टरांनी थेंब बदलले आणि नाडी साठीच्या घरात आली. आजी खोटं बोलल्या नव्हत्या, त्यांच्या लेखी थेंब म्हणजे औषध नव्हे. म्हणून "गोळ्या कोणत्या?" एवढ्यावर थांबू नका. डोळ्यांत काय घालता, सर्दीला काय घेता, दुखलं की काय घेता, असं एकेक विचारा.

जोड्या पाठ कराच, पण कारणासकट. बीटा ब्लॉकरसोबत व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम (हे कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर) आलं की दोन्ही एव्ही नोडला, म्हणजे हृदयातल्या ठोक्याचा संदेश पुढे पाठवणाऱ्या गाठीला, आवळतात. अ‍ॅम्लोडिपिनही कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर असलं तरी नोडवर त्याचा फारसा जोर नाही, तिथे उगाच धावपळ नको. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक अ‍ॅम्लोडिपिन मोडणारं यकृतातलं एन्झाइम अडवतं, मग बीपी घसरतं. अ‍ॅझिथ्रोमायसिनचा तसा त्रास नाही. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही दुखण्यावरची औषधं शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि बीपीच्या गोळ्यांचा असर कमी करतात. सर्दीच्या गोळीतलं फेनिलेफ्रिन रक्तवाहिन्या आकसवतं. पाकिटावरचं मोठं नाव सोडा, मागची बारीक अक्षरं वाचा.

सॉर्बिट्रेट (छातीतल्या दुखण्यावरचं नायट्रेट) घेणाऱ्या काकांना सिल्डेनाफिलबद्दल (व्हायग्रातलं औषध) विचारायचं असेल तर मुलं-सुना बाजूला उभ्या असताना विचारू नका, उत्तर "नाही" असंच येईल. एकटे असताना, हळू आवाजात विचारा. सिल्डेनाफिलनंतर 24 तास आणि त्याच जातीच्या टाडालाफिलनंतर 48 तास नायट्रेट देत नाहीत, बीपी जिवावर बेतेल इतकं कोसळू शकतं.

काही सापडलं तर रेसिडेंट डॉक्टरांकडे जा, सोबत बसून आणि उभं करून मोजलेलं बीपी न्या. रुग्णाला परस्पर "ही गोळी बंद करा" म्हणू नका. बीटा ब्लॉकर एकदम तोडला तर छातीतलं दुखणं उसळतं, हार्ट अ‍ॅटॅकही येऊ शकतो.