लाटेकमध्ये मराठी लिहिताय? आधी या चुका टाळा

लाटेकमध्ये, म्हणजे आज्ञा लिहून पुस्तकं-प्रबंध मांडायच्या प्रणालीत, पहिल्यांदा मराठी लिहिणाऱ्याची पीडीएफ बहुतेक वेळा तयारच होत नाही, आणि झालीच तर कोरी असते. माझी कोरी आली होती. मी दोन दिवस मजकुरात चूक शोधत होतो, पण ती तिथे नव्हतीच.

पहिली गफलत इंजिनाची, म्हणजे मजकुरातून पीडीएफ बनवणाऱ्या प्रोग्रॅमची. ओव्हरलीफ या ऑनलाइन लाटेक चालवायच्या संकेतस्थळावर नवा प्रकल्प उघडला की सहसा पीडीएफलाटेक निवडलेलं असतं. देवनागरी अक्षर दिसलं की ते अडतं आणि हे युनिकोड अक्षर मला माहीत नाही, असा एरर देतं. मराठीसाठी सेटिंग्जमधल्या कंपायलरमध्ये झीलाटेक निवडा. त्याचं स्पेलिंग एक्स-ईने सुरू होतं, म्हणून यादीत शोधताना ते नजरेतून सुटतं. लुआलाटेकही चालतं, मात्र त्यात फाँटचा रेंडरर (अक्षरं जुळवून मांडणारा भाग) हार्फबझ असल्याचं सांगावं लागतं.

इंजिन बदललं तरी पान कोरं? मग फाँट सांगायचा राहिलाय. लाटेकच्या मूळच्या लॅटिन मॉडर्न फाँटमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. अशा वेळी झीलाटेक थांबत नाही. अक्षर गाळून पुढे जातं आणि लॉग फाइलमध्ये (कामाच्या नोंदींच्या फाइलमध्ये) ‘मिसिंग कॅरेक्टर’ अशी फक्त नोंद करतं. फाँट निवडू देणारं फाँटस्पेक हे पॅकेज घेऊन मुख्य फाँट ठरवा. आयआयटी मुंबईत तयार झालेला शोभिका मोफत आहे आणि त्यात रोमन अक्षरंही आहेत, म्हणून मधेच इंग्रजी शब्द आला तरी तो गायब होत नाही. प्रबंधासाठी मी तोच सुचवतो.

फाँटच्या त्याच ओळीत चौकटी कंसात लिपी देवनागरी आहे हेही लिहा. हे विसरलात तर अक्षरं दिसतात, पण ‘किती’मधली पहिली वेलांटी ‘क’च्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी होतात. अनेक जण इथे फाँटला दोष देतात आणि एकामागून एक फाँट बदलत राहतात. लिपीबरोबर भाषा मराठी असंही कळवा. ज्या फाँटांत सोय आहे, त्यांत ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे येतात. हिंदी वळणाचा ‘ल’ मराठी पुस्तकात मला तरी खटकतो.

‘दऱ्या’चं ‘दर्या’ झालं असेल, तर ते मात्र टायपिंगचं काम आहे. तिथे नुक्ता असलेला ‘ऱ’ टाइप करावा लागतो.

आणखी एक घात टक्क्याच्या चिन्हाचा. ‘५०% विद्यार्थी’ असं लिहिलंत की त्या ओळीतलं चिन्हापुढचं सगळं टिप्पणी समजून गाळलं जातं, आणि एररही येत नाही. चिन्हाआधी बॅकस्लॅश द्या. &, # आणि _ यांनाही तोच उपाय.

जुन्या डीटीपी फाइलमधला मजकूर थेट चिकटवू नका. कृतिदेवसारख्या फाँटांत पडद्यावर मराठी दिसत असली, तरी आत साठवलेली असतात रोमन अक्षरं. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा आणि नंतर जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा.

ओव्हरलीफऐवजी स्वतःच्या संगणकावर लाटेक चालवत असाल तर अनुक्रमणिका रिकामी किंवा संदर्भांच्या जागी ?? दिसलं की घाबरू नका, फाइल पुन्हा एकदा चालवा. नवा परिच्छेद हवा असेल तर एक ओळ मोकळी सोडा. दोन बॅकस्लॅश देऊन फक्त ओळ तुटते, परिच्छेद होत नाही.

एररची रांग लागली तर फक्त पहिला वाचा. खालचे बरेचसे त्याच्याच पोटातले असतात. चूक सुधारूनही तोच एरर येत राहिला, तर ऑक्स (.aux) ही लाटेकने आपोआप बनवलेली मदतीची फाइल पुसून पुन्हा चालवा, कारण जुना बिघाड तिच्यात शिल्लक असू शकतो.

आणि शंभर पानं टाइप करण्याआधी एकच ओळ छापून बघा: ‘क्षितिजापलीकडच्या दऱ्या, श्रीमंत शाळा, ५०\% लोक’.