सीताबर्डीची लढाई टेबलावर: २८ मिलिमीटरचा शिपाई उभा करणं आणि रंगवणं

सीताबर्डीची लढाई २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला झाली. एका बाजूला नागपूरच्या अप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य, त्यातले अरब शिपाई. दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास पलटणी आणि बंगालचे घोडेस्वार. छोट्या शिपाई-पुतळ्यांनी लढाई खेळायच्या छंदात टेबलावर मांडायला याहून चांगली लढाई नागपूरकराला मिळणार नाही: दोन जोडटेकड्या, आणि लाल डगले व पांढरे अंगरखे लांबूनही वेगळे ओळखू येतात.

आधी पोज, मग रंग. रंग बिघडला तर काढून पुन्हा देता येतो. चिकटलेला हात ओढून काढताना मनगट तुटतं.

शिपाई जिवंत वाटतो तो अंगाच्या भारामुळे. माणूस एका पायावर भार टाकतो तेव्हा त्या बाजूची कंबर वर जाते आणि खांदा खाली येतो. धड आणि पाय सुटे असतील तर धड नाकासमोर सरळ बसवू नका, १०-१५ अंश वळवा. डोकं त्याहून थोडं जास्त, तो जिथे बघतोय तिकडे. धावणाऱ्या शिपायाच्या नाकापासून खाली रेघ सोडली तर ती पुढच्या पायाजवळ पडायला हवी. मागच्या पायावर पडली तर तो धावत नाही, घसरतोय असं दिसतं. सगळे भाग ब्लू-टॅकने (पुन्हा काढता येणाऱ्या चिकट लगद्याने) तात्पुरते लावून हातभर अंतरावरून बघा, कारण खेळताना तो तेवढ्यावरूनच दिसणार आहे.

तुकडीचा विचार वेगळा. कंपनीची पलटण कवायतीतली: बंदुकांचा कोन सगळ्यांचा एकच, फरक फक्त मानेच्या वळणात. अरबांचं उलट: एक गुडघ्यावर, एक तोडेदार (जळत्या वातीने उडणारी) बंदूक ठासतोय, एकाने जंबिया (वाकडा खंजीर) उपसलाय. एकच पोज दोनदा वापरावी लागली तर ते दोघे शेजारी उभे करू नका.

प्लास्टिकला प्लास्टिकचाच सिमेंट वापरा. तो पृष्ठभाग विरघळवून दोन भाग एकजीव करतो. धातूला फेविक्विक चालतं, पण नुसत्या फेविक्विकवर पसरलेला हात एका धक्क्यात निघतो. तिथे १ मिलिमीटरच्या ड्रिलने दोन्हीकडे ३-४ मिलिमीटर भोक पाडा आणि यू-पिनच्या तारेचा तुकडा आत घाला. फटी एम-सीलने भरा, ओल्या बोटाने गुळगुळीत करा. उन्हाळ्यात ते लवकर आवळतं, म्हणून एका वेळी वाटाण्याएवढंच मळा. साच्याची रेघ, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथे उठलेली कड, चाकूच्या पाठीने खरवडा. ती राहिली तर पुढे वॉश (खाचांत उतरणारा पाण्यासारखा पातळ रंग) नेमका तिथेच साचतो. मग भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा, नाहीतर साच्याच्या तेलावर रंग धरत नाही.

प्रायमरला, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराला, नागपूरची हवा सगळ्यात जास्त नडते. नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) दुपारी स्प्रे मारला तर थेंब हवेतच वाळतात आणि शिपायावर रवा पडल्यासारखं होतं. सकाळी ऊन चढायच्या आत मारा. डबा दोन मिनिटं हलवा, २०-२५ सेंटिमीटर लांब धरा, फवारा शिपायाच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा, दोन-तीन हलके हात द्या. डबा गच्चीवर किंवा गाडीत विसरू नका, उन्हात तो फुटू शकतो. भर पावसाळ्यात स्प्रेच नको. ब्रशने ॲक्रेलिक जेसोचे (हाताने लावायच्या अस्तराचे) दोन पातळ हात द्या. अस्तर राखाडी किंवा तपकिरी असू द्या. काळ्यावर लाल रंग चढवताना चार हात लागतात आणि बटणं, घड्या बुजून जातात.

रंगवायला बसताना कूलरच्या झोतात बसू नका, ब्रशचं टोक शिपायापर्यंत पोचेपर्यंत सुकतं. रंग सुकू न देणारं ओलं पॅलेट घरीच करा: संत्रा बर्फीचा घट्ट झाकणाचा प्लास्टिक डबा, तळाला ओल्या टिश्यूचे चार पदर, वर बेकिंगचा पार्चमेंट कागद. मेणाचा कागद घेऊ नका, त्यातून पाणी वर येत नाही. रंग दुधासारखा पातळ, दोन हात. बोअरच्या जड पाण्याने पांढरट डाग राहू शकतात, आरओचं पाणी घ्या. रिटार्डर (रंग उशिरा सुकावा म्हणून घालायचं द्रव्य) दहा थेंब रंगाला एकच थेंब. जास्त झाला की रंग चिकट राहतो.

लाल डगल्यात पांढरा मिसळून उजळी काढली की डगला गुलाबी होतो. खाली लालमध्ये थोडा तपकिरी, वर शुद्ध लाल, खांद्याच्या आणि घडीच्या कडेला नारिंगी. छातीवरचे पांढरे पट्टे आधी राखाडी, मग मळका पांढरा. शुद्ध पांढरा फक्त वरच्या कडेला.

कातडीकडे खास लक्ष द्या. बहुतेक रंगसंच गोऱ्या सैनिकासाठी केलेले असतात. मद्रासच्या शिपायासाठी बर्न्ट अंबरमध्ये थोडा बर्न्ट सिएना घाला आणि नाक, गालाचं हाड, बोटांचे सांधे यलो ऑकर मिसळून उजळा. पांढरा मिसळलात तर चेहरा राख फासल्यासारखा होतो. तपकिरी वॉश लावल्यावर साचलेला थेंब लगेच कोरड्या ब्रशने उचला; गरमीत त्याच्या कडा आधी वाळतात आणि गोल डाग कायमचा बसतो. शेवटी जळत्या तोड्याच्या टोकावर नारिंगीचा एक ठिपका. एवढ्याने तोडेदार बंदूक ओळखू येते.

बेसवर, म्हणजे शिपायाखालच्या चकतीवर, फेविकॉल लावून चाळलेली वाळू टाका, काळपट तपकिरी रंगवा, वर कोरड्या ब्रशने राखाडी. खरी माती हवी असेल तर चहाच्या गाळणीतून चाळून तव्यावर भाजा, नाहीतर पावसाळ्यात बुरशी येते. गवत पिवळट लावा: लढाई नोव्हेंबरची, हिरवळ ओसरलेली.

वार्निश दोन हात: आधी ग्लॉस, तो पक्का वाळला की मॅट. मॅट दमट हवेत पांढरं पडलं तर घासू नका. ब्रशने ग्लॉसचा पातळ हात दिला की बहुतेक वेळा धुरकटपणा जातो, मग कोरड्या दिवशी पुन्हा मॅट. पीएलए या प्लास्टिकमध्ये थ्रीडी प्रिंट केलेले शिपाई ६० अंशांच्या आसपास मऊ पडतात. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ते ठेवले, तर संध्याकाळी सगळ्या संगिनी वाकलेल्या मिळतील.