युद्धनौका आणि व्यापारी जहाजाची टक्कर: ब्रिजवरच्या या चुका टाळा

१७ जून २०१७. रात्री दीडच्या सुमारास जपानच्या इझू द्वीपकल्पाजवळ अमेरिकी विनाशिका फिट्झगेराल्ड आणि कंटेनर जहाज एसीएक्स क्रिस्टल यांची टक्कर झाली. झोपायच्या कप्प्यात पाणी घुसून सात नौसैनिक बुडाले. दोन महिन्यांनी, २१ ऑगस्टला, सिंगापूरजवळ जॉन एस. मॅकेन ही विनाशिका आणि अल्निक एमसी हा टँकर यांची टक्कर होऊन आणखी दहा जण गेले. दोन्ही विनाशिकांवर रडार होते आणि पहाऱ्यावर माणसे होती. तरीही हे घडले, म्हणून चुका यंत्रांपेक्षा ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या कक्षात, शोधायला हव्यात.

"निघून जाईल" असे धरून चालणे

दुसऱ्या जहाजाचे होकायंत्रावरचे बेअरिंग, म्हणजे ते ज्या दिशेला दिसते ती दिशा, बदलत नसेल आणि अंतर घटत असेल, तर टक्करीचा धोका आहे असे धरा. समुद्रावरच्या टकरी टाळण्यासाठीच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला सातवा नियम हेच सांगतो. अपुऱ्या माहितीवर, विशेषतः अपुऱ्या रडार माहितीवर, निष्कर्ष काढू नका असेही तो बजावतो. २० नॉट (तासाला २० सागरी मैल) वेगाने जहाज तीन मिनिटांत एक सागरी मैल कापते. समोरून १५ नॉटने कोणी येत असेल तर सहा मैलांचे अंतर दहा मिनिटांत संपते. बेअरिंग एकदाच घेऊन समाधान मानू नका, थोड्या थोड्या वेळाने घेत राहा. प्रचंड मोठे किंवा अगदी जवळ आलेले जहाज असेल, तर बेअरिंग बदलत असले तरी धोका टळलेला नसतो.

कप्तानाला न उठवणे

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती ही चूक. फिट्झगेराल्डवर स्थायी आदेश होता की दुसरे जहाज ठरलेल्या अंतराच्या आत येणार असेल तर कप्तानाला कळवायचे. कळवले गेले नाही. क्रिस्टल उजवीकडून येत होते, म्हणजे वाट देण्याची जबाबदारी विनाशिकेची होती. शेवटच्या क्षणी उजवीकडे वळायचा आदेश निघाला, तो मागे घेतला गेला, मग वेग वाढवून डावीकडे वळायचा आदेश आला. क्रिस्टल थेट कप्तानाच्या केबिनवरच आदळले. ब्रिज आणि खालचे कॉम्बॅट इन्फर्मेशन सेंटर (जिथे रडारची माहिती पाहतात तो कक्ष) यांच्यातही नीट बोलणे नव्हते. रात्री कप्तानाला उठवायला संकोच वाटत असेल तर तो संकोच हेच धोक्याचे लक्षण माना. यावरचा उपाय मात्र कप्तानाच्या हातात आहे. विनाकारण उठवले म्हणून त्याने कधीच रागावता कामा नये.

दिवे दिसले म्हणजे ती किनाऱ्यावरची वस्तू असे समजणे

८ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे चारच्या सुमारास नॉर्वेच्या येल्टेफ्योर्डमध्ये हेल्गे इंगस्टाड ही नॉर्वेची फ्रिगेट (एक प्रकारची युद्धनौका) सोला टीएस या तेलवाहू टँकरवर आदळली. टँकर नुकताच स्टुरे टर्मिनलवरून निघाला होता आणि त्याचे डेकवरचे दिवे चालूच होते. त्या झगमगाटात त्याचे मार्गदर्शक दिवे हरवले, आणि फ्रिगेटवर ती जागेवर असलेली वस्तू आहे अशी समजूत झाली. नेमका पहारा बदलत होता. नव्या अधिकाऱ्याने ही समजूत तशीच उचलली. टँकरने रेडिओवर वळायला सांगितले तेव्हाही ती सुटली नाही. पहारा घेताना "हे काय आहे?" एवढे विचारून थांबू नका. "हे कशावरून ठरवले?" असे विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत पहारा स्वीकारू नका.

सुकाणू बिघडले असे वाटले तर

मॅकेनवर सुकाणू बिघडलेच नव्हते. सुकाणू आणि वेग ही कामे दोन जागांवर वाटून देताना सुकाणूचे नियंत्रणही नकळत दुसऱ्या जागेकडे गेले. हेल्म्समनला (सुकाणू धरणाऱ्याला) वाटले, जहाज हाताबाहेर गेले. वेग कमी करायचा आदेश आला, पण दोन्ही शाफ्टची (पंखे फिरवणाऱ्या दांड्यांची) नियंत्रणे जोडलेली नसल्याने फक्त डाव्या शाफ्टचा वेग उतरला, उजवा जोरात फिरत राहिला, आणि जहाज टँकरच्या वाटेत डावीकडे वळले. म्हणून सुकाणू ऐकत नसेल तर आधी नियंत्रण कोणत्या जागेकडे आहे ते पाहा, मग दोन्ही शाफ्टची स्थिती, आणि मगच बिघाडाचा विचार करा. गजबजलेल्या सामुद्रधुनीत कामांची अशी वाटणी करूच नका. ती आधी, मोकळ्या पाण्यात उरकून घ्या.

एआयएस बंद ठेवून गर्दीत शिरणे

एआयएस म्हणजे जहाजाची ओळख, जागा आणि वेग रेडिओवरून आपोआप कळवणारी यंत्रणा. युद्धनौकांना तिच्या प्रक्षेपणाची सक्ती नाही. त्यांच्या बांधणीमुळे मास्टवरचे दिवेही अनेकदा नेहमीसारखे मांडता येत नाहीत, त्यामुळे रात्री युद्धनौका लहान बोट वाटू शकते. हेल्गे इंगस्टाड स्वतः काहीच प्रक्षेपित करत नव्हती. समोर कोण आहे हे टँकरवरच्या पायलटला (वाट दाखवणाऱ्या स्थानिक जाणकाराला) जहाज वाहतूक केंद्राला विचारावे लागले आणि केंद्रालाही लगेच सांगता आले नाही. गुप्ततेची खरी गरज नसेल तिथे एआयएस चालू ठेवा.

"वाट त्याने द्यायची आहे" म्हणून थांबून राहणे

ही चूक बहुधा व्यापारी जहाजाकडून होते. रात्री ब्रिजवर एक अधिकारी, एक टेहळ्या आणि ऑटोपायलट, इतकेच असतात. पण सतराव्या नियमानुसार हक्काचा मार्ग असलेल्यालाही समोरचा हलत नाही हे दिसताच कृती करता येते, आणि त्याच्या एकट्याच्या कृतीने टक्कर टळणार नसेल तर करावीच लागते. शक्यतो डावीकडून येणाऱ्यासाठी डावीकडे वळू नका. शंका आली की लगेच पाच लहान भोंगे द्या. चॅनल १६ वर, म्हणजे सगळी जहाजे ऐकतात त्या रेडिओ वाहिनीवर, "माझ्या डावीकडचे जहाज" असे ओरडले तर कोण उत्तर देईल याचा भरवसा नसतो. भोंगा आणि वळण आधी, रेडिओ त्यानंतर.