हाताच्या दुखापतीची डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली? अपिलात या चुका टाळा

नकाराचं पत्र घेऊन माणूस येतो आणि पत्राआधी हात पुढे करतो. "बघा की क्लार्कसाहेब, मूठ आवळत नाही. डब्याचं झाकणसुद्धा बायको काढून देते." मी म्हणतो, हात राहू दे, आधी पत्र दे. अपील करायचं असतं ते त्या पत्रातल्या एका ओळीविरुद्ध. पलटणीच्या ऑफिसात कारकुनी करून आलो, आता सातारा भागातल्या माजी सैनिकांचे अर्ज लिहून देतो. बिघडलेल्या फाइलींत बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसते : नकार एका कारणानं आलेला आणि अपील भलत्याच मुद्द्यावर केलेलं.

नकार दोन तऱ्हांचा असतो. एक म्हणजे 'नाना'. आपल्याकडे नाना म्हणजे घरातला थोरला माणूस. फौजेच्या कागदावर 'नाना' म्हणजे दुखणं नोकरीमुळे झालेलं नाही आणि नोकरीमुळे वाढलेलंही नाही. दुसरा नकार टक्क्यांचा : कारण मान्य, पण अपंगत्व 20 टक्क्यांच्या खाली. 'नाना'चं पत्र हातात असताना चार पानं वेदनांवर लिहून उपयोग नाही. वेदना मेडिकल बोर्डानं, म्हणजे तपासणाऱ्या फौजी डॉक्टरांच्या मंडळानं, नाकारलेलीच नसते.

'नाना'वाल्यांचं उदाहरण सांगतो. एक हवालदार ऑब्स्टॅकल कोर्सवर भिंतीवरून उतरताना तळहातावर पडला. एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, क्रेप बँडेज, गोळ्या, तीन दिवस आराम, आणि कागदावर 'मोच'. पुढे काही वर्षांनी मनगट सुजायला लागलं. एक्स-रेमध्ये अंगठ्याच्या बाजूचं स्कॅफॉइड हाड जुनं मोडलेलं, न जुळलेलं, आणि सांधा झिजलेला निघाला. नोकरी सोडताना तपासणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डानं लिहिलं 'आर्थ्रायटिस', म्हणजे सांध्याची झीज, आणि पुढे 'नाना'. झीज वयानं होते, असा सरळ हिशेब.

गड्यानं अपिलात काय लिहावं? मुलीचं शिक्षण, घराचं कर्ज, सीमेवर काढलेली वर्षं. सगळं खरं, पण नकाराच्या ओळीला त्यात उत्तर नाही. उत्तर हाडातच होतं. स्कॅफॉइडला रक्त मुख्यतः बोटांकडच्या बाजूनं मिळतं, त्यामुळे मधोमध मोडलं तर मनगटाकडचा तुकडा उपाशी राहतो. हे फ्रॅक्चर पहिल्या एक्स-रेत अनेकदा दिसत नाही, म्हणून मोच समजून सोडून दिलं जातं. न जुळलेलं हाड पुढे सांधा झिजवतं. म्हणजे आजचा आर्थ्रायटिस त्या दिवशीच्या भिंतीवरून आलेला आहे. हे ऑर्थोपेडिक सर्जनकडून अर्ध्या पानात लिहून घ्यायचं. सोबत एमआय रूमची नोंद, इंज्युरी रिपोर्ट, मेडिकल कॅटेगरीचे कागद, आणि त्या दिवशी सोबत असलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रं.

इंज्युरी रिपोर्ट नसेल तर रेकॉर्ड ऑफिसला माहिती अधिकारात अर्ज करा. आपल्या बोर्डाच्या कार्यवाहीची प्रतही त्याच अर्जात मागा. ती न वाचता अपील करणं म्हणजे अंधारात काठी फिरवणं.

इथं एक कडू गोष्ट. सुट्टीत घरच्या जिन्यावरून पडून मनगट मोडलं, तर ते ड्यूटीवर झालं असं रंगवू नका. सुट्टीतली दुखापत आपोआप फौजेच्या खात्यावर पडत नाही. नोकरीशी काही संबंध दाखवावा लागतो, आणि सुप्रीम कोर्टानं 2015 मध्ये विजय कुमार यांच्या प्रकरणात असाच जिन्याचा दावा फेटाळला आहे. याउलट युनिटनं भरवलेल्या व्हॉलीबॉलमध्ये बोटाचं टोक वाकडं झालं, तर "खेळताना झालं" म्हणून लाजून गप्प बसणारे मी पाहिलेत. तो खेळ ड्यूटीच होता, राजा.

आता टक्के. 2023 च्या नव्या नियमांच्या आधी निवृत्त झालेल्यांसाठी 19 आणि 20 मधला फरक एका टक्क्याचा नाही. शंभर टक्के अपंगत्वाला डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वापोटीचा भाग, शेवटच्या पगाराच्या 30 टक्के असतो. आणि 50 च्या खालचं अपंगत्व राउंड करून 50 धरलं जातं, म्हणजे वीसवाल्याला पगाराच्या 15 टक्के मिळतात. एकोणिसावर थांबलेल्याला शून्य. सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही हे राउंडिंग मिळतं, असं राम अवतार यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं डिसेंबर 2014 मध्ये सांगितलं. 21 सप्टेंबर 2023 पासून नियम बदलले आहेत. तुमची निवृत्ती त्यानंतरची असेल तर जुन्या मित्राच्या अपिलाची नक्कल मारू नका.

टक्क्यांविरुद्ध लिहायचं तर आकडे हवेत. बोर्डाच्या कागदावर बऱ्याचदा 'हालचाल मर्यादित' एवढंच असतं. मनगट किती अंश वर जातं, किती खाली, हे गोनिओमीटरनं, म्हणजे सांध्याचा कोन मोजायच्या पट्टीनं, मोजून घ्या. पकडीचा जोर डायनॅमोमीटर या यंत्रावर मोजा, दोन्ही हातांची, तीन-तीन वेळा. मुद्दाम कमी दाबू नका. तिन्ही वेळचे आकडे एकमेकांशी जुळले नाहीत तर डॉक्टरला शंका येते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट रात्री बधिर होत असेल तर कार्पल टनेलसाठी, म्हणजे मनगटात नस दबली आहे का हे बघायला, नर्व्ह कंडक्शन टेस्ट करा. करंगळी बधिर असेल तर नस वेगळी, तेही नीट सांगा. आणि तुम्ही उजवे की डावे, हे कागदावर आलंय का बघा. साधी गोष्ट, पण ती नसलेली फाइल मी कितीदा पाहिली आहे. सिव्हिल हॉस्पिटलचं दिव्यांग प्रमाणपत्र पुरावा म्हणून जोडा, पण त्यातला टक्का फौजेचा बोर्ड जसाच्या तसा उचलत नाही.

कोर्टाचे निकाल चिकटवण्याची हौस हल्ली फार. धरमवीर सिंग यांच्या प्रकरणातला सुप्रीम कोर्टाचा 2013 चा निकाल चांगलाच आहे : भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असं धरायचं, आणि उलट सिद्ध करण्याचं ओझं सरकारवर. पण तुमच्या फाइलमधलं एकही पान न दाखवता फक्त तो निकाल लिहिला, तर वाचणाऱ्याला काय पटणार?

मुदतीचं थोडक्यात. नकार कळल्यापासून पहिली अपील सहा महिन्यांत, ती फेटाळली तर दुसरी आणखी सहा महिन्यांत. अपील करून सहा महिने उत्तरच आलं नाही, तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलचं, म्हणजे फौजेच्या खटल्यांच्या न्यायाधिकरणाचं, दार उघडतं. आपल्यासाठी मुंबई बेंच. उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका, पेन्शनचा हक्क दर महिन्याला नव्यानं बुडत असतो. मात्र सुप्रीम कोर्टाच्या तारसेम सिंग निकालानंतर मागची थकबाकी बऱ्याचदा अर्जाआधीच्या तीन वर्षांचीच मिळालेली आहे. दहा वर्षं घरी बसलेल्याची सात वर्षं जाऊ शकतात.

शेवटची चूक सहीची. उजवं मनगट गेलेला माणूस डाव्या हातानं सही करतो, ती डिस्चार्ज बुकातल्या सहीशी जुळत नाही, आणि कागद परत येतो. त्या हवालदाराचा दुसरा अर्ज लिहिला तेव्हा त्यानं पेन तीन वेळा बोटांत बसवून पाहिला. मी म्हटलं, अंगठा लाव, दोन साक्षीदार घेऊ. तो म्हणाला, "अंगठाच धड असता तर इथं कशाला आलो असतो?" मग डाव्या हाताचा लावला आणि खाली तसं लिहिलं.